आधी ‘अंदाजे’ खोडा

गेल्या अंकात उपयोगी पुस्तकांवर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज म्हटलं, काही विचारायचं असेल तर लिहा. सव्वीस पत्रं आली. त्यातल्या नऊ जणांना फक्त माझा फोन नंबर हवा आहे, त्यांना नमस्कार. उरलेल्यांतली काही इथं घेते. मागचा अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की लातूरला गंजगोलाईच्या मागं आमच्या वडिलांचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं. आडतीच्या पावत्या, लग्नपत्रिका, उरसाची हँडबिलं असली कामं. मुद्रितं तपासायला मी तिथंच शिकले आणि आता एका प्रकाशनाची उपयोगी पुस्तकांची छाप सांभाळते. छापेचं नाव लिहीत नाही. संपादकांनी मला सदर दिलंय, जाहिरातीचं पान दिलेलं नाही.

प्रश्न : तुम्ही सारखं ‘छाप’ म्हणता. प्रकाशन वेगळं आणि छाप वेगळी, म्हणजे काय? आमच्या दाखल नोंदवहीत ‘प्रकाशक’ असा एकच रकाना आहे, तिथं काय लिहायचं? ता.क. तुमच्या विहिरीच्या पुस्तकाची आमच्याकडची प्रत पार खराब झाली आहे. बदलून मिळेल का?
— ग्रंथपाल, ‘क’ वर्ग वाचनालय, सेलू तालुका

रकान्यात प्रकाशनाचंच नाव लिहा. दुकान एक आणि पाट्या दोन, असं समजा. गोदाम, हिशेब, बँकेचं खातं सगळं मूळ प्रकाशनाचं. फक्त एका जातीच्या पुस्तकांवर वेगळं नाव आणि वेगळी खूण छापतात, म्हणजे कपाटातल्या कण्यांकडं बघूनच गिऱ्हाइकाला कळावं की आत काय असणार. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात पेंग्विननं १९३५ साली सहा पेनीला कागदी बांधणीची पुस्तकं विकायला काढली आणि दोनच वर्षांनी माहितीपर पुस्तकांसाठी पेलिकन ही वेगळी छाप सुरू केली. पक्षी बदलला, मालक तेच. आपल्याकडं लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढं ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडं आली. तीही एका घराची वेगवेगळ्या वाचकांसाठीची दारंच म्हणायची.

आमची छाप निघाली २०१६ साली. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती. टीव्हीवाले स्टेशनावर, आणि आम्ही गल्लीत घागरींची रांग लावून टँकरच्या वाटेकडं डोळे लावलेले. प्रकाशनाच्या मालकांकडं तेव्हा एक कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या छापायला तयार होत्या. मी म्हटलं, लोकांना आत्ता हे हवंय की रानातून वाहून जाणारं पाणी गाळून विहिरीत कसं घालायचं. ते म्हणाले, ‘कर मग.’ झाली स्थापना.

ता.क.चं उत्तर शेवटी देते. ते जरा लांबेल.

प्रश्न : मी बावीस वर्षं उस्मानाबादी शेळ्या पाळतो. आज ६० आहेत. शिक्षण दहावी. सगळे म्हणतात पुस्तक लिहा. एका प्रकाशकानं ६५ हजार रुपये मागितले आहेत. २०० प्रती तुम्हाला देऊ, बाकीच्या आम्ही विकू म्हणतात. द्यावेत का? पहिलं प्रकरण सोबत जोडलं आहे. पुढं काय घ्यावं ते सुचत नाही. २०१८ ला एका दुपारी ११ शेळ्या ज्वारीचे फुटवे खाऊन गेल्या, ते लिहावं का? लोक हसतील.
— एक शेळीपालक, कळंब तालुका

दादा, आधी पैशाचं बोलू, कारण पत्रात तुम्ही ते दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.

तुमचं पुस्तक १६० पानांचं धरा. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे दहा फर्मे. ७० जीएसएमचा कागद, रंगीत कव्हर, साधी बांधणी आणि ५०० प्रती, तर आम्हाला छपाई एका प्रतीमागं सत्तर रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे ३५ हजार. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कव्हरचं चित्र मिळून दहा-बारा हजार. तुमच्याकडून ६५ घेतल्यावर त्या माणसाचा सगळा खर्च निघून वर पंधरा-वीस हजार उरतात, एकही प्रत न विकता. मग तो विकेल कशाला? पैसे घेणं हा काही गुन्हा नाही, कवी मंडळी आयुष्यभर देत आलीत. पण मग त्याला प्रकाशक म्हणू नका, छापून देणारा म्हणा, आणि त्याच भावात घासाघीस करा. नक्की किती प्रती छापणार ते लेखी घ्या. उरलेल्या ३०० कुणाच्या, तेही घ्या.

आता आमची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्याचंच उकरते. २०० रुपये किमतीचं पुस्तक विक्रेत्याकडं गेलं की पंचेचाळीस टक्के त्याचे. हातात ११० येतात. सत्तर छपाईचे, लेखकाला दहा टक्के म्हणजे वीस. उरले वीस. त्यात अक्षरजुळणी, गोदामाचं भाडं, परत आलेल्या मळक्या प्रती आणि माझा पगार. म्हणून आम्ही वर्षाला चारच पुस्तकं करतो आणि नऊ दहांश लोकांना नाही म्हणतो. पण हो म्हटलं की लेखकाकडून रुपया घेत नाही.

करार करताना तीन गोष्टी बघा. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की हक्क द्यायचे तर लेखीच, आणि त्यात कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मानधन हे लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि करारात वेगळं काही नसेल तर हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर त्या हक्कांचं हस्तांतर संपतं. ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ असं एक वाक्य बारीक अक्षरात असतं, ते दिसलं की पेन खाली ठेवा.

आता प्रकरणाकडं येते. ‘शेळी ही गरिबाची गाय आहे’ इथून सुरू होतं. माझ्याकडं शेळीपालनाची सहा हस्तलिखितं आलीत, सहाही तिथूनच सुरू होतात. पुढं शेळीपालनाचे फायदे, जातींचा तक्ता, सरकारी योजना. हे सगळं पंचायत समितीच्या घडीपत्रिकेत फुकट मिळतं. आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत, लाजत लाजत, तुम्ही त्या ११ शेळ्या टाकल्या आहेत.

दादा, पुस्तक तिथून सुरू होतं.

त्या साली पाऊस ओढला होता. कापणी झालेल्या ज्वारीच्या खोडाला कोवळे फुटवे आले असणार, हिरवेगार, आणि सगळ्या रानात तेवढंच हिरवं. पाण्याच्या ताणावर वाढलेल्या अशा फुटव्यात सायनाइडचं विष तयार होतं, हे पुस्तकी वाक्य झालं. मला तुमचं हवंय. किती वाजले होते? पहिली शेळी पडली तेव्हा तुम्हाला काय वाटलं, पोट फुगलंय असं? डॉक्टरांना फोन कधी केला? उरलेल्या कशा हाकलल्या? त्यानंतर रानात सोडताना काय बदललं? हे वाचलेला माणूस आपल्या शेळ्या ज्वारीच्या खोडव्यात सोडणार नाही. लोक हसतील म्हणता, हसू द्या. ज्याच्या दावणीला शेळी आहे तो हसणार नाही, आणि पुस्तक त्याच्यासाठीच आहे.

पुढं काय घ्यावं ते महिन्यांवर सोडा. जूनच्या तोंडाला आंत्रविषाराची लस, पावसाळ्यात ओल्या शेडमधला खूर, माजाचे महिने, पाच महिन्यांनी वेत, जुळ्या करडांना दूध पुरवणं, बोकड कुठल्या सणाआधी विकायचा. तुमचं वर्ष जसं जातं तसं लिहा. लिहिणं जड जात असेल तर संध्याकाळी शेडमध्ये बसून फोनवर बोला आणि नातवाला ते उतरवायला लावा. शेळ्या मध्ये ओरडल्या तरी चालतील.

विक्रीचं म्हणाल, तर हे पुस्तक पुस्तकाच्या दुकानात खपणार नाही. ते पशुखाद्याच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, माळेगावच्या यात्रेत आणि हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात खपेल. उदगीरला २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तिथं आम्ही गाळा घेतला होता. ऊन असं की पुस्तकांचे कव्हर वाकले. कादंबऱ्यांच्या गाळ्यांवर गर्दी, आमच्याकडं लोक पाणी मागायला यायचे. तेव्हापासून मी बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसते. पोस्टानं पाठवायचं तर २०२५ च्या मेपासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. तुमचं १६० पानी पुस्तक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे बसतं.

प्रश्न : सासूबाईंची येसर, सांडगे, कुरडया, पापडाची वही माझ्याकडं आहे. मापं सगळी ‘मूठभर’, ‘बेतानं’, ‘अंदाजे’ अशी. याचं पुस्तक होईल का? आणि या कृती इतर पुस्तकांतही असतात, कुणी चोरी म्हणेल का?
— एक गृहिणी, अंबाजोगाई

चोरीची भीती नको. किती गहू, किती हरभरा डाळ, किती वेळ भाजायची यावर कुणाचीही मालकी नसते. दुसऱ्याची वाक्यं मात्र उचलू नका, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. तुमच्या वहीतली वाक्यं सासूबाईंची आहेत. त्या आहेत ना अजून? मग कव्हरवर त्यांचं नाव आधी, तुमचं नंतर. आमच्याकडं यावरून एका घरात अबोला झालाय, म्हणून सांगते.

आता ‘अंदाजे’चं. हा शब्द मी लाल पेनानं इतक्यांदा खोडलाय की आमचा अक्षरजुळणीवाला मला अंदाजेबाई म्हणतो. ज्याला काम येतं त्याचा अंदाज बरोबर असतो, म्हणून त्याला तो शब्द खटकत नाही. ज्याला येत नाही त्याच्या हातात मात्र त्या जागी काहीच येत नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचं, पुस्तक करताना ती सुरू झाली. लिहिणारे मिस्त्री तीस वर्षं जळालेल्या मोटारी बांधणारे. इकडं व्होल्टेजचे हाल तुम्हाला माहीतच आहेत, दर उन्हाळ्यात त्यांच्या दारात पाणबुडी मोटारींची रास. हस्तलिखित झालं तेव्हा आयटीआयचा एक पोरगा बसवला, समोर उघडी मोटार आणि छापील पानं. मिस्त्रींना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, तोंड उघडायचं नाही. पोरगा वाचत वाचत तार भरायला लागला. एका ठिकाणी थांबला. पानावर होतं, ‘तार घट्ट ओढावी पण फार घट्ट नको.’ मिस्त्री बोलले नाहीत, पण त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप वळला, तार ओढल्यासारखा. मी पानावर खूण केली. त्या दुपारी मिस्त्रींचा हात चौदा वेळा हलला. चौदा ठिकाणी पुस्तकात वाक्य कमी होतं.

तुम्हीही तसंच करा. सासूबाईंना काट्याशेजारी बसवा. त्यांच्या मुठीत धने किती ग्रॅम बसतात ते तीनदा तोला. मूठ त्यांची घ्या, तुमची नको. कुरडईचा चीक शिजला हे त्या कशावरून ओळखतात? रंगावरून, पळीला धरण्यावरून की आवाजावरून? विचारलं तर सांगणार नाहीत, ‘कळतंच की’ म्हणतील. म्हणून विचारू नका, बघा. मग ती पानं पुण्या-मुंबईला दिलेल्या भाचीला पाठवा, जिनं जन्मात कुरडई घातली नाही. तिचं बिघडलं तर तिला हसू नका, चूक पानातली आहे.

आणि आकडे अक्षरातही लिहा. हे आम्ही भोगलेलं आहे. फवारणीच्या एका पुस्तकात लेखकानं हातानं लिहिलं होतं, एका पंपाला अमुक औषध १ मिली. देवनागरी १ आणि ९ हातानं लिहिताना किती जवळचे असतात ते बघा. जुळणीत त्याचे ९ झाले. मी दोनदा वाचलं, लेखकानं एकदा, कुणालाच दिसलं नाही, कारण आम्हा दोघांनाही तिथं एकच हवा हे पाठ होतं. एका कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारानं फोन केला, ‘ताई, पीक जाळायचं पुस्तक काढलंय का?’ विकलेल्या ८८ प्रतींपैकी ७१ शोधून काढल्या. उरलेल्या ४१२ प्रतींवर मी, माझी सून आणि गोदामातला पोरगा, तिघांनी बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. सतरा प्रती कुठं आहेत हे मला आजही माहीत नाही, आणि ते पुस्तक मी पुन्हा छापलं नाही. तेव्हापासून ‘१ (एक)’ असं छापतो. पान कुरूप दिसतं, दिसू दे.

प्रश्न : मी चार वेळा एमपीएससी दिली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. आता नांदेडला अभ्यासिका चालवतो. तरुणांना प्रेरणा देणारं पुस्तक लिहायचं आहे. बारा पानं पाठवतो. असं पुस्तक खपतं का?
— एक तरुण, नांदेड

खपतं रे. रेल्वे स्टेशनच्या गाड्यावर तेच खपतं. तुला अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे आणि त्यानंही तीनदा दिली.

तुझी बारा पानं घेऊन मी एक उद्योग केला. जे वाक्य दुसरा कुणीही लिहू शकला असता ते खोडायचं. ‘स्वप्नं मोठी पाहा’, खोडलं. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’, खोडलं. मुंगीची गोष्ट, कोळ्याची गोष्ट, बल्बची गोष्ट, गेली तिन्ही. उरली अडीच पानं. पण काय पानं आहेत ती! ४२ खुर्च्या, महिन्याला ९०० रुपये, मेमध्ये कूलर लावल्यावर आलेलं विजेचं बिल बघून तू दोन दिवस जेवला नाहीस. फी थकवणाऱ्या पोराला उठवायचं कसं, कारण तो तुझ्याच जिल्ह्याचा. आणि तो बाप, जो हदगावहून येऊन काही न बोलता मुलाची पिशवी भरून घेऊन गेला आणि जाताना उरलेल्या बारा दिवसांचे पैसे परत घे म्हटलं तर घेतले नाहीत. हे तू सहा ओळींत उरकलंस आणि पुढं लगेच ‘म्हणून मित्रांनो’.

‘म्हणून मित्रांनो’च्या पुढचं मला काही नको. अभ्यासिका कशी काढायची, याचं पुस्तक लिही. जागा, डिपॉझिट, खुर्ची कुठली घ्यायची की पोरांची पाठ दुखणार नाही, इन्व्हर्टर किती क्षमतेचा, मुलींसाठी वेळ आणि जाण्यायेण्याची सोय, पहिलं वर्ष तोट्यात कसं काढलंस. लातूर, नांदेड, संभाजीनगरला गल्लोगल्ली अभ्यासिका निघताहेत आणि तितक्याच बंद पडताहेत. परीक्षा सुटली तरी माणूस कामाला लागतो, हे त्यातून न सांगताच कळेल. चार प्रकरणं पाठव. पण आधी हिशेबाची वही पाठव, मला आकडे तपासायचेत.

प्रश्न : आयएसबीएन नंबरसाठी एक जण पाच हजार मागतोय. द्यावे का?
— परभणी

देऊ नका. पुस्तकाचा हा ओळख क्रमांक भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते, अर्ज ऑनलाइन. लेखक स्वतःही करू शकतो. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि दिल्ली, मुंबई, चेन्नईच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते, १९५४ च्या कायद्यानं. हे बरेच जण विसरतात. मीही एकदा विसरले होते.

प्रश्न : तुमच्या मोटारीच्या पुस्तकाची पीडीएफ आमच्या ग्रुपवर फिरतेय. मी उतरवून घेतली, आता वाईट वाटतंय.
— नाव छापू नका

छापत नाही. त्यातले वीस रुपये मिस्त्रींच्या मानधनाचे होते, त्यांना फोन करून मोटारीबद्दल एखादी शंका विचारा, त्यांना बरं वाटेल. आणि छापील प्रत घ्याच, मोटार उघडी असताना फोनला तेलाचा हात लावता येत नाही.

आता सेलूच्या ग्रंथपालांचं ता.क.

प्रत बदलून मिळेल, फुकट. अट एकच, खराब झालेली आम्हाला परत पाठवायची. हे आम्ही सगळ्या वाचनालयांना सांगतो आणि त्यांना वाटतं की बाई हिशेबाला चिकट आहे. खरं कारण वेगळं. त्या विहिरीच्या पुस्तकाच्या अशाच अकरा प्रती माझ्याकडं आल्या होत्या. टेबलावर ओळीनं मांडल्या. सुरुवातीची तीस पानं सगळ्यांत कोरी करकरीत. त्यात भूजलाचं महत्त्व, एका पुढाऱ्याची प्रस्तावना, माझं मनोगत. मग ३८ ते ४१ ही पानं, म्हणजे पहिल्या खड्ड्यात गाळ बसवायचा, दुसऱ्यात मोठे दगड, खडी, वाळू असे थर द्यायचे आणि पाइप विहिरीत सोडायचा, ती चिखलानं माखलेली, दोन प्रतींत तर फाटून निघालेली. एकात पान ३९ वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘वाळू नाही मिळाली तर?’

दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावना काढली. पुढारी अजून बोलत नाहीत. मनोगत अर्ध्या पानावर आणलं, दीड फर्मा वाचला, आणि त्या पैशात ती चार पानं जाड कागदावर घेतली. वाळू नाही मिळाली तर काय करायचं, ते त्या चार पानांच्या लगेच पुढच्या पानावर आहे. तुमच्या प्रतीत नसेल, ती पहिल्या आवृत्तीची दिसते. लवकर पाठवा, आणि पुसू नका.